रिकामी पार्सलं

खोकं उचलायला खेंग आंटीनं कंबर कसली, आणि ते एका हातानंच वर आलं.

चिकटपट्टीनं बंद केलेलं, वर चीनमधल्या कुणा बाईचा पत्ता, आणि लाल अक्षरांत खुद्द आंटीच्या दुकानाचं नाव. अशा खोक्यांनी अंगणाचा एक कोपरा भरून गेला होता.

"यात बिस्किटं कुठायत?"

"नाहीत, आंटी," यिप साहेब हसले. ते क्वालालंपूरच्या जाहिरात कंपनीचे. आंटीची बिस्किटं चीनमध्ये ऑनलाइन विकायची, तर तिथली जाहिरात कुणाच्या हाती द्यायची, हे आज ठरायचं होतं. चहा ओतलेला होता, करार टेबलावर होता. "आत एकेक कागदी रुमाल टाकलाय. बास."

मग त्यांनी समजावून सांगितलं, अगदी लहान मुलाला सांगावं तसं. त्यांचीच माणसं चीनमधून ऑर्डर देणार. पार्सल इथून, इपोह गावातून, निघालं अशी कुरियरकडे नोंद होणार. मग तीच माणसं लिहिणार, काय चव, काय खुसखुशीतपणा! एवढा खप दिसला की वेबसाइट दुकानाची जाहिरात उचलून सगळ्यात वर बसवते, आणि मग खरी गिऱ्हाइकं येतात.

बोलाचीच कढी, बोलाचाच भात, आणि वर ढेकर देणारेही भाड्याचे!

"आई, सगळे असंच करतात," तिचा मुलगा वाय हूंग म्हणाला. "चारातल्या तीन भट्ट्या थंड पडल्यात. चीनमध्ये माल गेला नाही तर चौथीही जाईल. मग काय करायचं, सांग."

त्याचं खोटं नव्हतं. नारळाच्या सोडणांवर मातीची भट्टी पेटवायची, गोड पाक भरलेलं बिस्किट आतल्या भिंतीला चिकटवून भाजायचं, एवढा उपद्व्याप आता करतंय कोण? आंटीला त्या चौथ्या भट्टीची फार धास्ती होती. रोज सकाळी उदबत्ती लावताना ती देवाकडे दुसरं काही मागतच नसे.

"तुमच्या गल्लीतल्या सगळ्यांनी सह्या केल्यात," यिप साहेब म्हणाले.

"त्यांनी गाय मारली म्हणून मी वासरू मारू?"

"आंटी, तीन वाजता कुरियरची गाडी येतेय. भावनेवर धंदा चालत नाही. ती पोरगी तुम्हाला काय म्हणाली होती? सहा महिने कुणी विचारणार नाही! जाहिरातवाल्यानं बोलायचा शब्द आहे का हा?"

ती पोरगी म्हणजे मिस आउ. जाहिरातीचं काम एकटीच करते. गेल्या आठवड्यात आली, दोन बिस्किटं खाल्ली, तिसरं मागून घेतलं आणि म्हणाली, भट्टीसमोर फोन धरून रोजचं काम तिकडच्या लोकांना दाखवू, पण सहा महिने गिऱ्हाइकाची आशा धरू नका. वाय हूंगला ती मुळीच पसंत पडली नव्हती.

आंटी खुर्चीत बसली. खोकं मांडीवरच होतं.

"हूंग, रिकाम्या वस्तू आपण कुणाला पाठवतो रे?"

चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात, पितरांच्या दिवसांत, कागदाचं घर, कागदाची मोटार, हल्ली तर कागदाचा मोबाइलसुद्धा, असं सगळं पिंपात जाळून पाठवतात. मेलेल्यांना.

"गेल्या वर्षी तुझ्या बाबांना कागदाचे बूट पाठवले. त्यांना चालतात. पण जिवंत बाईच्या दारात माझ्या नावाचं रिकामं खोकं?" आंटीचा आवाज चढला. "भट्टी विझली तर विझली! इथं बिस्किटं भाजायचे, असं तरी लोक म्हणतील. मयताचं सामान विकायचे, असं कुणी म्हणायला नको!"

"आंटी, उगाच अभद्र बोलू नका हो," यिप साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

तिनं त्यांच्यादेखतच फोन लावला.

"मिस आउ? सहा महिने म्हणालीस ना? बरं, सोमवारी ये. भट्टीसमोर घाम फुटतो हं, आधीच सांगते. आणि खोटं एक अक्षर लिहायचं नाही. कुणी नावं ठेवली तर तीही राहू देत. हो. जेवायला इथंच."

"सहा महिने भट्टी कशी चालवणार, आई?" वाय हूंगनं हळूच विचारलं.

"हातांनी."

यिप साहेबांनी करार बॅगेत कोंबला. "मग माझी खोकी तरी परत द्या."

"खोकी तुमची, नाव माझं. ते पुसून द्या आणि न्या खुशाल!"

छापलेलं नाव पुसणार कसं? आंटी उठली आणि भिंतीशी ठेवलेलं लोखंडी पिंप ओढायला लागली. ते काही तिला हलेना. वाय हूंग क्षणभर जागचा हलला नाही. मग पुढं झाला, आईला बाजूला केलं आणि पिंप अंगणाच्या मधोमध आणून ठेवलं. त्यानं काडी पेटवली.

"थांब. आधी पत्ते सोल," आंटी म्हणाली. "जिवंत माणसांची नावं आगीत नकोत."

दोघं पत्ते सोलायला बसली. जमलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा आंटीनं यिप साहेबांच्या हातात दिला. "ही तुमची माणसं. सांभाळा."

मग खोकी एकेक करून पिंपात गेली. लाल अक्षरं काळी पडली, गुंडाळली, वर उडाली.

"हे काय चाललंय तुमचं!" यिप साहेब ओरडले.

"पाठवतेय," खेंग आंटी म्हणाली. "तिकडून शाबासकी आली, की या मला वाचून दाखवायला."