करून दाखवा

“सांगू नका,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “उठा आणि करून दाखवा.”

मामी खुर्चीवरून उठल्या. मामांनी मनातल्या मनात सुस्कारा सोडला. इथवर सगळं ठरल्यासारखं पार पडलं होतं. रबरी हातोडीखाली मामांचे गुडघे नीट उडाले होते. डोळे मिटून बोट बरोबर नाकाच्या शेंड्याला लागलं होतं. फरशीवरच्या पट्टीवरून पावलापुढे पाऊल टाकत ते सरळ चालून आले होते. मेंदूचा फोटो स्वच्छ होता, मेंदूच्या लहरींचा आलेखही स्वच्छ होता. आता मामींनी हळूच गुडघ्यात वाकून खाली टेकायचं, की झालं. साधी चक्कर. उपाशीपोटी राबणाऱ्या कुणालाही येते तशी.

मामा शाळेची बस चालवत. एकवीस वर्षं. त्यांना मामा मुलांनीच केलं होतं, आणि त्या ओघात बायकोचीही मामी झाली होती. महिन्यापूर्वी ते गॅरेजमध्ये पालथे पडलेले सापडले. पडताना कुणी पाहिलं नव्हतं. तरी शाळेनं सांगितलं, मेंदूच्या डॉक्टरांचा दाखला आणा, मगच गाडीवर बसा. मामा घरी बसले. बसची किल्ली मात्र त्यांनी परत केली नाही.

घरी त्याआधी तीनदा तसंच झालं होतं. तिन्ही वेळा समोर एकट्या मामी होत्या. खुद्द मामांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. समोर चहाचा कप असे, आणि पुढच्या क्षणी ते जमिनीवर, जीभ चावलेली, कपाळावर मामींचा हात. मधली पाच मिनिटं कुणीतरी कात्रीनं कापून नेलेली.

पहिल्या भेटीला मामा एकटेच आले होते. डॉक्टरबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, “आलेख चांगला आला म्हणजे फिट नाही, असं नसतं. ज्यांनी पाहिलंय त्यांना घेऊन या. लोक सांगायला लागले की पदरचं घालतात. म्हणून मी करून दाखवायला लावते.”

घरी येऊन मामा पोट धरून हसले होते. “दवाखाना आहे की नाटक कंपनी? हे बघ, तू आपली हळूच खाली बस. हात नाही हलवायचे, पाय नाही झाडायचे. आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. तू एक वाक्य बोललीस की माझी गाडी गेलीच म्हणून समज.”

“अहो, आणि गाडीतली अडतीस पोरं?”

“एकवीस वर्षांत एकाच्याही गुडघ्याला खरचटलेलं नाही.”

मामी बराच वेळ एकच पातेलं घासत राहिल्या. मग म्हणाल्या, “बरं. एक शब्दही बोलणार नाही.”

मामांनी रीतसर तालीम घेतली. जेवणाआधी एकदा, जेवणानंतर एकदा. “अगं, हळू! पोतं टाकल्यासारखी काय बसतेस?” मामी निमूट उठत, पुन्हा बसत. मध्ये एकदा मामा अंघोळ करून बाहेर आले, तर मामी आरशासमोर मान वाकडी करून उभ्या होत्या. उजव्या हाताची चिमूट पोटाशी.

“काय गं, बटण तुटलं?”

“हं,” मामी म्हणाल्या होत्या.

आता त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. गुडघ्यात वाकल्या नाहीत. त्यांची नजर समोरच्या भिंतीवर लागली आणि तिच्यातलं माणूस निघून गेलं. ओठ चघळल्यासारखे हलू लागले. मान डाव्या खांद्याकडे वळली, मागून कुणी ओढून धरावी तशी. डावा हात कोपरापासून ताठ झाला. उजव्या हाताची चिमूट पोटाशी आली आणि फिरली. एकदा. जरा थांबून पुन्हा एकदा. पुन्हा.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. “हे हातानं काय चाललंय?”

मामींची चिमूट फिरतच होती.

मामा बघत होते. बायकोच्या चेहऱ्यावर एक अनोळखी माणूस बसला होता. रिकाम्या डोळ्यांचा, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ येईल असा. हाच माणूस अडतीस पोरांना घेऊन वळणावळणाच्या रस्त्यानं जाणार होता. त्या हाताची ओळख मात्र त्यांना ताबडतोब पटली.

“किल्ली,” त्यांच्या तोंडून निघून गेलं. “गाडी चालू करतोय मी. सकाळी इंजिन गार असतं. पहिल्या खेपेला लागत नाही.”

बोलून झाल्यावर त्यांना कळलं, आपण काय बोललो ते.

मामींनी मान सरळ केली, हात सोडले आणि त्या खुर्चीवर येऊन बसल्या.

डॉक्टरबाई थोडा वेळ लिहीत राहिल्या. “गोळ्या आजपासूनच सुरू करू,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “बऱ्याच जणांना चांगला गुण येतो. एकही चुकवायची नाही. पण दाखला मला देता येणार नाही. मुलांची बस यापुढे नाही.”

बाहेरच्या बोळात लाकडी बाक होता. मामा त्यावर टेकले. समोर कुणाचा तरी नंबर पुकारला, कुणीतरी काठी टेकत आत गेलं. मामांचा हात खिशात होता. बोटं किल्लीवर होती.

“एवढी तालीम घेतली,” ते म्हणाले. “आणि ऐन वेळी घाबरलीस.”

मामींनी औषधांच्या चिठ्ठीची घडी घातली. मग आणखी एक घडी घातली आणि चिठ्ठी पिशवीच्या आतल्या कप्प्यात सरकवली.

“घाबरले नव्हते,” त्या म्हणाल्या. “आणि त्या दिवशी बटणही तुटलं नव्हतं.”