किती देते?

तीन चाकांची ती अगडबंब टूरिंग बाईक पुन्हा गॅरेजच्या दारात उभी राहिली, तशी मिस्त्रीच्या तोंडाची चवच गेली. अंगात चामडी जाकीट, पायात गुडघ्याएवढे बूट घातलेला साहेब खाली उतरला आणि त्याचं नेहमीचं रडगाणं सुरू झालं.

"लिटरला जेमतेम चौदा देते, मिस्त्री! कंपनी वीस म्हणते. तुला नाही कळायचं म्हणा, तुझी हयात डबडी स्कूटर ठोकण्यात गेली. ही लांब पल्ल्याची गाडी आहे, घाट पालथे घालणारी!"

मिस्त्रीने उकिडवं बसून टायरच्या कडेवरून बोट फिरवलं. नव्या टायरला असतात ते रबराचे केस अजून शाबूत होते. मग त्याने मीटर पाहिला. बरोबर दोनशे किलोमीटर.

"तुमचं घर किती लांब, साहेब?"

"आठ किलोमीटर. का?"

"म्हणजे जाऊन-येऊन सोळा. हीच तक्रार घेऊन तुम्ही बारा वेळा आलात-गेलात, आजची ही तेरावी खेप. मीटरवरचे दोनशे इथेच संपले." मिस्त्री हात पुसत उठला. "गाडीत काही खोट नाही. पुढच्या वेळी तक्रार फोनवर सांगा, हिला पेट्रोलच लागणार नाही."