सर एडविनचा कारकून

केदारने माइकवर तिसऱ्यांदा ‘सर एडविन हॅल्कम’ म्हटलं आणि रेणूच्या मनात आलं, हा उच्चारसुद्धा मीच घोटून घेतलाय मेल्याकडून.

अमेरिकेतल्या शुगर लँडच्या त्या हॉलमध्ये एसी हाडं गोठवत होता. दीडशे मराठी माणसं, त्यातली शंभर जेवणाच्या आशेवर बसलेली. तिच्या नवऱ्याचं, केदारचं पुस्तक प्रकाशित होत होतं. एडविन हॅल्कमचं चरित्र. ब्रिटिश खासदार आणि म्हणे इतिहासकार. १९११ साली या गृहस्थाने दख्खनचा जाडजूड इतिहास छापला. मराठीचं अक्षर येत नव्हतं. दाजी नावाच्या कारकुनाने सगळं लिहून दिलं, साहेबाने वर स्वतःचं नाव टाकलं. आत दाजीचा साधा उल्लेखही नाही.

“असले चोर सर होतात,” केदार गरजला. टाळ्या पडल्या.

रेणूला हसू आवरेना. तीन वर्षं तिने गॅरेजमध्ये बसून एकेक अक्षर टाइप केलं होतं, आणि या दगडाने दुसरं प्रकरणही उघडलं नव्हतं. मुखपृष्ठावर मात्र हाच. का, तर नवरोबांना इथल्या मराठी मंडळाचं अध्यक्ष व्हायचंय. बायकोचं काय, ती घरातच असते. आज बोलली नाही, तर तिचाही दाजी होणार होता.

ती उठली. हे पुस्तक माझं आहे, म्हणाली.

केदार माइकवरच हसला. “अगं, टाइप तू केलंस. तेवढं क्रेडिट घे की.”

“पुस्तक मीट. शेवटचं पान मी पाठ म्हणते, पुढचं वाक्य तू म्हण.”

दाजी मेला त्या दिवशी साहेब पार्लमेंटात कशावर बोलत होता, तिथून तिने सुरुवात केली. अर्धं पान न अडखळता म्हटलं आणि थांबली. केदार नुसती पानं उलटत राहिला.

पुढचं वाक्य आलं मागच्या रांगेतून. शेजारच्या नंदूचा ईशान, इथेच जन्मून इथेच वकील झालेला. जीभ अमेरिकन, पण शब्द एक चुकला नाही. पान संपेपर्यंत तो बोलत राहिला.

“हे माझ्या आबांचं आहे,” तो म्हणाला. “नागपूरहून यायचे तेव्हा एव्हरी डिनर वहीतून वाचून दाखवायचे. ते गेल्यावर बाबांनी सगळ्या वह्या तुम्हालाच दिल्या ना, रेणूमावशी? बाबांना वाचायला वेळ नाही, मला मराठी वाचता येत नाही म्हणून.”