दुधातली चोरी

पोर सांभाळायला येणाऱ्या मावशींचा यात फायदा काय होता, तर रोजचे दोन पेले दूध. तेही गरम, सायीसकट, ताई ऑफिसला गेल्या की ओट्याला टेकून उभ्याउभ्या प्यायलेलं. एवढ्यासाठी आपण एका लेकराचं रक्त आटवलं, या विचाराने मावशींना दवाखान्याच्या बाकावर एका जागी बसवत नव्हतं.

मांडीवर चिमी होती. दोन वर्षांची, गुबगुबीत आणि मेणासारखी पांढरी. शेजारच्या बायका "काय गोरी झालीय हो पोर!" म्हणून तिचे गाल ओढायच्या. काल ताई लेकीची नखं कापायला बसल्या, तर नखांखाली रंगच दिसेना. आज सकाळी रक्त काढताना चिमी रडलीसुद्धा नाही. मावशींनी धसका घेतला तो त्याचा. सांभाळलेल्या एवढ्या पोरांत सुईला न रडणारं एकही त्यांना आठवत नव्हतं.

"मावशी, सारखी चुळबुळ का करताय?" ताईंनी विचारलं.

"छे हो. पायाला मुंग्या आल्यात."

ताई रोज सकाळी चिमीचं लिटरभर दूध तापवून ठेवायच्या आणि बाहेर पडायच्या. पोरीला वरचं दूध सुरू झालं, तशा मावशी त्यातलं निम्मं स्वतःच संपवू लागल्या. मग अर्धपोटी चिमी त्यांच्या डब्याशी लुडबुड करायची. तिची भुणभुण बंद व्हावी म्हणून मावशी डाळभाताचा घास भरवायच्या, कधी उकडलेलं अंडं, कधी पालेभाजी, डब्यात असेल ते. म्हणजे दूध चोरायचं ते चोरायचंच, आणि वर मालकिणीच्या लेकीला आपलं उष्टं चारायचं. कुणाला कळलं असतं तर धडगत नव्हती.

कळलं कुणालाच नाही. पण दीड वर्षाची लस टोचली त्या दुपारी चिमीला ताप भरला. लसीनंतर असा ताप येतोच, पण मावशींना तो आपल्याच करणीचा वाटला. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली, आणि माणसं सहसा शपथ पाळतात त्याहून जरा जास्तच पाळली. दुधाच्या थेंबाला शिवल्या नाहीत. उलट आजवर ढोसलेलं फेडायचं म्हणून पदरमोड करून रोज अर्धा लिटर आणायच्या आणि गुपचूप चिमीच्या बाटलीत भरायच्या. चिमी तट्ट फुगेपर्यंत प्यायची. डब्याकडे ढुंकूनही बघायची नाही. मावशींना हायसं वाटायचं.

आणि आता हे. म्हणजे फेड कमी पडली, आधीचा खड्डा भरलाच नाही, असा मावशींनी हिशेब लावला.

आतून हाक आली. डॉक्टरीणबाईंनी चिमीची पापणी खाली ओढून पाहिली, छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिल्या.

"रक्त निम्म्यावर आलंय हिचं. अंगातलं लोह जवळजवळ संपलंय. तेवढ्याशा रक्तात भागवायचं म्हणून हृदय नुसतं पळतंय."

ताई खुर्चीच्या कडेला सरकल्या. "म्हणजे... काही भयंकर?"

"असंच चाललं तर भयंकरच. आज दाखल करू. काय खाते ही?"

"दूध. लिटरभर पिते. दुधाला मी कधी हात आखडता घेतला नाही."

"आणि जेवण?"

"जेवायचं नाव नको तिला. पण दूध पोटात जातंय म्हणून मी निर्धास्त होते."

डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठी पडली. "रोज लिटरभर? नक्की?"

मावशींना वाटलं, एवढाल्या यंत्रांत रक्त घालतात, तर दूध कुणाच्या पोटात गेलं हेही त्यात उमटत असणार. आता पोलीस येणार. आले तर आले. पण मांडीवरची पोर निपचित पडून होती, आणि तिच्या मानेवरची शीर टकटक उडत होती.

"कारण कळलं की उपाय आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणून काही लपवू नका."

"मी प्यायले!" मावशी एकदम बोलून गेल्या. "हिच्या तोंडचं दूध मी प्यायले, डॉक्टर. रोज निम्मं."

ताई ताडकन उठल्या. "मावशी! अहो, घरची किल्ली दिलीय मी तुम्हाला! माझं लेकरू उपाशी ठेवलंत?"

"जोड्याने मारा मला. पण आधी हिला वाचवा हो."

"ताई, बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मावशी, हे कधीपर्यंत चाललं?"

"दीड वर्षाच्या लसीपर्यंत."

"तोवर ती दुसरं काय खायची?"

मावशींनी मान खाली घातली. "माझ्या डब्यातलं. डाळभात, अंडं, भाजी."

"आणि लसीनंतर?"

"एक थेंब नाही घेतला, शप्पथ! उलट माझ्या पैशाचं अर्धा लिटर रोज वर घातलं. दीड लिटर जात होतं हिच्या पोटात. जेवायला जागाच उरायची नाही तिला."

डॉक्टरीणबाईंनी चिमीच्या फाइलची मागची पानं उलटून पाहिली.

"दुधात लोह नसल्यासारखंच असतं, मावशी. नुसत्या दुधाने पोट भरलं की पोर जेवत नाही, आणि इतकं दूध आतड्यांनाही सोसत नाही. लसीच्या दिवशी हिचं रक्त मीच तपासलं होतं, चांगलं ठणठणीत होतं." त्यांनी चिमीचा पांढराफटक तळवा आपल्या हातात घेतला. "तुम्ही चोरत होतात तोवर हिचं काही बिघडलं नव्हतं. महाग पडली ती तुमची परतफेड, आणि तिची किंमत मोजलीय हिने."