पहिल्या बाकावरचा हात

“पालकांना मोबाईल नंबर द्यायचा नाही. ही पहिली गोष्ट,” हेमाबाई म्हणाल्या.

धम्मदीप सरांनी मान हलवली. नोकरीचा त्यांचा पहिलाच आठवडा होता. माईकवरून प्रार्थना आणि सूचना आटोपून हेमाबाई ऑफिसातल्या टेबलाशी टेकल्या होत्या. मोठ्या बाई मीटिंगला गेल्या होत्या आणि पहिला तास सुरू व्हायला थोडा अवकाश होता. खाली नारायण पेठेत कोणीतरी स्कूटरचा हॉर्न दाबूनच धरला होता.

“दुसरं, ओरडायचं नाही. पगार शाळेचा असतो, घसा आपला. वह्या घरी न्यायच्या नाहीत, त्या नुसत्या फिरून परत येतात. रजा शिल्लक ठेवा. आणि येताजाता जिना चढू नका, गुडघे कोणी भरून देत नाही.”

सर हसले. आजवर कोणी इतकं कामाचं बोललं नव्हतं.

“उद्यापासून सातवी ब चं विज्ञान तुमच्याकडे ना? माझाच वर्ग आहे. मुलं चांगली आहेत. पहिल्या बाकावर हिरा म्हणून एक मुलगी आहे. तिचा हात कायम वर असतो. तिला विचारायचं नाही.”

“का? उत्तर येत नाही?”

“येतं हो. बोलता येत नाही. एकेका शब्दाला अडखळते. मागची मुलं हसायला लागतात, तुम्ही खडू धरून उभे, आणि तास संपतो. तिच्या डोक्यावरून पाहायचं. मी जूनपासून तेच करते. सवय होते.”

“तिला?”

“मला झाली. तिलाही होईल.”

सर काही बोलणार, तेवढ्यात सरुबाई आत आल्या. शाळेतल्या सेविका. वरच्या मजल्यावरून धावत आल्याने त्यांना धाप लागली होती. त्या सरळ टेबलापाशी गेल्या आणि हेमाबाईंच्या कोपराजवळचं बटण त्यांनी खाली केलं.

“बाई, माईक चालू होता,” त्या म्हणाल्या. “सगळ्या वर्गांत ऐकू गेलं.”

धम्मदीप सर खिडकीबाहेर पाहू लागले. हेमाबाईंनी खुर्चीवरची पर्स उचलली, परत ठेवली, परत उचलली. डोकं दुखतंय म्हणून घरी जाता आलं असतं. रजा भरपूर शिल्लक होती.

“मी येऊ का बरोबर?” सरांनी विचारलं.

“नको.”

एरवी या वेळी शाळा दणाणलेली असायची. आज जिन्यात त्यांना स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. पाचवीच्या दारात उभ्या असलेल्या बाईंनी त्यांना पाहिलं आणि घाईघाईने वर्गाकडे तोंड फिरवलं. ‘माझ्या बोलण्याचा अर्थ तसा नव्हता,’ हेमाबाईंनी मनात जुळवून पाहिलं. पण अर्थ तसाच होता. दुसरं वाक्य सुचेना.

त्या वर्गात शिरल्या तशी मुलं उभी राहिली. नमस्ते बाई, रोजच्यासारखं, एका सुरात. त्यांनी कोणाकडेच पाहिलं नाही. तेवढ्यात मॉनिटर रुपाली पुढे आली.

“बाई, आपल्या वर्गातला स्पीकर बंद पडलाय. आज काहीच ऐकू आलं नाही.”

“हो बाई, काहीच नाही,” दोन-तीन आवाज आले.

याच स्पीकरवर ऐकून मुलांनी आत्ता प्रार्थना म्हटली होती. हे मुलांनी ठरवून केलं होतं. हिरासाठी की आपल्यासाठी, ते हेमाबाईंना कळेना. एवढंच कळलं की छातीवरचं ओझं उतरलंय आणि आपल्याला चक्क बरं वाटतंय.

“असं का? दुरुस्त करायला सांगते हं,” त्या म्हणाल्या. स्वतःचा इतका सहज आवाज ऐकून त्यांचे कान तापले. तरी त्यांनी खडू घेतला, पुस्तक उघडलं. “चला. काल आपण कुठे थांबलो होतो? कोण सांगेल?”

भराभर हात वर झाले. आज हेमाबाईंनी पहिल्या बाकावरून नजर उचलली नाही.

हिराचे दोन्ही हात बाकावर होते. एकावर एक, घट्ट धरलेले. ती खाली पाहत होती.

सवय झाली होती. एका सकाळीत.

त्यांनी पुस्तक मिटलं. वर गेलेले हात हळूहळू खाली आले.

“स्पीकर चालू होता,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. हिरा, मी आत्ता जे बोलले... मी जूनपासून जे...”

पुढे शब्द येईना. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. “मी तुझ्या... मी...” ओठ हलले, आवाज फुटला नाही. इतक्या वर्षांत या घशाने एकदाही दगा दिला नव्हता. खडूचा तुकडा हातातल्या हातात मोडला. मागच्या बाकावरून कोणीतरी फिसकन हसलं. सगळा वर्ग आपल्याकडे पाहतोय, आपण उभ्या आहोत आणि काहीच होत नाहीये. हा क्षण इतका लांब असतो?

रुपालीला ते बघवेना. ती चटकन उठली. “जाऊ द्या ना बाई. आम्ही विसरलोसुद्धा. तुम्ही धडा घ्या.”

हेमाबाईंनी पुस्तकाकडे हात नेला.

तेव्हा हिरा उभी राहिली. आधी रुपालीकडे वळली, मग मागच्या बाकांकडे. तिचा चेहरा लाल झाला होता. शब्द तोंडाशी येऊन अडला, तिने तो सोडला नाही.

“थ... थांबा,” ती म्हणाली. “बा... बाईंना पू... पूर्ण बोलू द्या.”