वखारीचं घड्याळ

“दिवाणजी, एकुलता एक हाय ओ माझा. पाया पडू काय तुमच्या?”

निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीच्या दारात गुणाबाईनं बसकण मारली होती. आज नववा दिवस. तिला आता लाज उरली नव्हती. यमनाप्पा दिवाणजी मान खाली घालून हजेरी लिहीत होता.

तिचा शामू इथलाच हमाल. बेचाळीसच्या ऑक्टोबरात बोरगाव रस्त्यावरची पोलीस चौकी कुणीतरी पेटवली. आत एक शिपाई जळून मेला. शामू चळवळीच्या मिरवणुकीत दिसला होता, त्यामुळे पोलिसांनी त्यालाच धरला. आग लागली सहा चाळीसला. हजेरीवहीत शामू बाहेर पडला सहाला. चौकी अर्ध्या कोसावर. फाशीला एवढं पुरे होतं.

शामूच्या वकिलाला मात्र एक गोष्ट सापडली. लढाईपायी सरकारनं सप्टेंबरात घड्याळं तासभर पुढं केली होती. वखारीचा मालक हट्टी, त्यानं आपलं घड्याळ जुन्याच वेळेवर ठेवलं. म्हणजे वहीतले सहा हे सरकारी सात. चौकी पेटली तेव्हा शामू इथं पोती उचलत होता! पण आता ते घड्याळही पुढं सारलं होतं, आणि मालक भीतीनं कानांवर हात ठेवत होता. उरला घड्याळाला चावी देणारा दिवाणजी.

“मला बी लेकरं हैत, आक्का.”

“तुमची नोकरी जाईल, एवढंच न्हवं? माझ्या पोराचा जीव जातोय!”

यमनाप्पानं टाक दौतीत बुडवला, पण लिहिलं काहीच नाही.

“तारीख कंदी हाय?”

“सोमवारी. बेळगावात.”

सोमवारी तो वही काखेत मारून कोर्टात आला. घड्याळ तासभर मागं होतं, चावी मीच देत होतो, असं त्यानं शपथेवर सांगितलं. सरकारी वकिलानं आपले कागद मिटले. गुणाबाईनं तोंडात पदर कोंबला. नऊ दिवस या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्याचं तिला फार वाईट वाटलं.

जज्जसाहेबांनी वही पुढं ओढली.

“म्हणजे आग लागली तेव्हा वखारीत पाच चाळीस झाले होते.”

“व्हय, साहेब.”

त्यांचं बोट पानावरून खाली सरकत एका ओळीवर थांबलं.

“यमनाप्पा, दिवाणजी. बाहेर पाच दहा, आत पाच पंचावन्न. हे तुम्हीच ना?”

“व्हय, साहेब. चौकीत माणूस हाय, हे ठावं न्हवतं मला.”