उलटी मान

आमच्या बल्गेरियात मान आडवी हलवली की 'हो' आणि वर-खाली हलवली की 'नाही'. माझा भाऊ रादोस्लाव आधी नौदलात होता, मग वीस वर्षं परदेशातल्या वकिलातींत, आणि आता सोफियात बडा सरकारी साहेब. परदेशात राहून मेल्याची मान उलटी हलायला लागलीय, आणि घरी आला तरी कानाचा फोन काही सुटत नाही.

"या खेपेला राहशील ना रे?" आईने नेहमीचंच विचारलं. एरवी तो "हो गं, राहतो" म्हणतो आणि तिसऱ्या दिवशी पसार होतो. आज फोनवर मंत्री होते, म्हणून त्याने नुसतीच मान हलवली. वर-खाली. वकिलातीतली सवय!

मी तोंड उघडेपर्यंत आईने त्याची बॅग भरायलाही घेतली. कपड्यांवर लाल मिरच्यांच्या चटणीची बरणी ठेवली.

फोन ठेवून तो ओरडलाच, "आई, राजीनामा मंजूर झाला! आता कायमचा इथेच!"


आईने बॅगेची चेन ओढली. "मघाशी खरं सांगितलंस, तेच बरं होतं."